वसईचा किल्ला पायी बघायचा तर सुरुवात खाडीकडून करा

वसईच्या किल्ल्यात येणारी बहुतेक मंडळी पारनाक्याहून रिक्षा करतात, डांबरी रस्त्याने तटाच्या आत शिरून चिमाजी अप्पांच्या स्मारकापाशी उतरतात, रस्त्यालगतच्या एक-दोन चर्चमध्ये फोटो काढतात आणि तासाभरात परत फिरतात. पडक्या भिंती आणि भरपूर झाडी, एवढंच त्यांच्या हाती लागतं. याचं कारण एकच: वसईला डोंगरी किल्ल्यासारखं बघितलं जातं. इथे माची नाही, कडा नाही, चढही नाही. सुमारे ११० एकरांचा तट आहे आणि त्याच्या आत एक अख्खं बंदराचं शहर होतं. चर्च, मठ, इस्पितळ, बाजार, कचेऱ्या, उमरावांचे वाडे, विहिरी, रस्ते, सगळं. शहर बघायचं तर ते ज्या वाटेने भरत होतं त्या वाटेने बघावं, आणि वसई भरत होती खाडीतून.

थोडी पार्श्वभूमी हवी, म्हणजे पुढचं चालणं सोपं जाईल. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना तोडून दिला. मागून हुमायून येत होता आणि बहादूरशहाला पोर्तुगीजांची मदत हवी होती. मुंबईची बेटं त्याच तहात गेली. १५३६ मध्ये किल्ला उभा राहू लागला. पुढची दोनशे वर्षं पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या मुलखाचा कारभार इथून चालला. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. १७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्डने ती जिंकली, सालबाईच्या तहाने ती मराठ्यांकडे परत आली आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही इथेच. शहर मात्र पोर्तुगीज गेल्यावर पुन्हा तसं वसलंच नाही. आज जे दिसतं ते बव्हंशी पोर्तुगीज काळाचं, म्हणूनच त्याचा आराखडा अजून शाबूत आहे.

पाण्याने यायचं तर फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर ते वसई रो-रो, म्हणजे गाड्या आणि माणसं नेणारी बोट, सुरू झाली आहे. विरार लोकलने भाईंदरला उतरायचं, पश्चिमेच्या जेट्टीवर जायचं आणि पायी प्रवासी म्हणून बसायचं. पाव तासाच्या आसपास बोट वसईला लागते. वरच्या डेकवर कठड्यापाशी उभे राहा आणि बोट खाडीच्या मध्यावर आली की उत्तर किनाऱ्याकडे नजर ठेवा. झाडीच्या वर चर्चचे मनोरे दिसू लागतात. दर्यावर्दी माणसाला वसईची पहिली खूण पटायची ती याच मनोऱ्यांवरून. बोटीच्या वेळा हवामानाप्रमाणे बदलतात, पावसाळ्यात तर हमखास, म्हणून निघण्याआधी जेट्टीवर चौकशी करून घ्यावी. बोट जमली नाही तर वसई रोड स्टेशनला उतरून पश्चिमेकडून किल्लाबंदरला जाणारी बस किंवा रिक्षा धरा. अंतर सात-आठ किलोमीटर आहे. पण किल्ल्याच्या मध्यात उतरू नका; थेट किल्लाबंदर गाठा आणि तिथून चालायला लागा.

भरती-ओहोटीचा हिशेब घरूनच करून निघावा. कोकण किनाऱ्यावरचा जुना आडाखा इथे चांगला लागू पडतो: तिथीला पाऊणने गुणा, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला साधारण बारा वाजता. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. वेळ अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, पण बेत ठरवायला एवढं पुरतं. फिरायला अष्टमीच्या आगेमागे आलात तर पाणी दुपारी बारा वाजता सर्वांत खाली असतं आणि तटाच्या पायथ्यालगतचा चिखल उघडा पडतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला हीच ओहोटी सकाळी सहाला येते आणि दुपारी पाणी भिंतीच्या दिशेने चांगलंच आत सरकतं. दोन्ही बघण्यासारखं आहे, कारण भरतीच्या पाण्यावर गलबत आत यायचं आणि ओहोटीचा चिखल शत्रूला भिंतीपासून लांब ठेवायचा. मात्र चिखलात उतरू नका. वरून वाळल्यासारखा दिसतो आणि गुडघ्यापर्यंत पाय आत जातो.

किल्लाबंदर हे नांदतं कोळीवाड्याचं गाव आहे. बंदरात होड्या, बांबूच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील, जाळी विणणारी माणसं. पोर्तुगीज काळात वसई जहाजबांधणीसाठीही नावाजलेली होती. आतल्या मुलखातलं लाकूड खाडीवाटे इथे यायचं. घरांसमोरून जाताना वाट विचारून जावं, माणसांचे फोटो विचारून काढावेत.

गावातून सागरी दरवाजाकडे आलात की घाईने आत शिरू नका. आधी बाहेर उभं राहून कमानीच्या दोन्ही बाजूंची भिंत नीट बघा. कोपऱ्यांना आणि कमानीला घडीव काळा दगड आहे, मधल्या भिंतीत ओबडधोबड दगड चुन्यात बसवलेला आहे. हे सूत्र सबंध शहरात आढळतं: जिथे धक्का, झीज किंवा मान असेल तिथे घडीव दगड, बाकी भर. घडीव दगड महाग पडायचा आणि वसईचा दगड चांगला म्हणून लांब जायचा. जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकेच्या दर्शनी भागाचा काळा दगड वसईहून नेल्याचं सांगतात. दरवाजाच्या आत आल्यावर बाजूच्या भिंतीत हात जाईल एवढी चौकोनी भोकं शोधा. ती अडसराची. समोरासमोरच्या दोन भोकांपैकी एक खोल असतं, कारण दार उघडताना अख्खा अडसर त्यात सरकवून ठेवायचे. खोल भोक कुठल्या बाजूला ते कळलं की पहारेकरी कुठे उभा राहत असेल याचाही अंदाज येतो.

दरवाजापासून जवळच सेंट जोसेफ चर्च आहे. शहराचं मुख्य चर्च हेच. १५४६ मध्ये ते उभारलं आणि १६०१ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या काळात पुन्हा बांधलं. तसा लेख तिथे आहे. बंदरात उतरणाऱ्या माणसाला मनोरा आधी दिसावा अशीच ही जागा निवडलेली आहे. मनोऱ्यातल्या घंटा केव्हाच गेल्या. वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीज घंटा मराठी मुलखात ठिकठिकाणी देवळांना वाहिल्या गेल्या: भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे. ज्यांनी त्या घंटा बघितल्या आहेत त्यांनी या रिकाम्या मनोऱ्याखाली थोडा वेळ थांबावंच. आतला गोल जिना अरुंद आहे, पायऱ्या झिजलेल्या आहेत आणि वर धड कठडा नाही. चढू नका. उतरताना पाय ठेवायला जागा दिसत नाही, खरा धोका तिथे असतो.

पडक्या चर्चमध्ये काय बघायचं ते इथेच शिकून घ्यावं, पुढे प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडतं. छप्पर लाकडी असायचं, वर कौलं. लाकूड गेलं की छप्पर गेलं, म्हणून मधला लांबट दालनाचा भाग सगळीकडे उघडा पडलेला दिसतो. वेदीच्या वरची दगडी गोल घुमटी मात्र पुष्कळदा तग धरून आहे, कारण तिला लाकडाची गरजच नव्हती. भिंतीवर एका रांगेत मोठी चौकोनी भोकं दिसली तर ती तुळयांची, म्हणजे तिथे मजल्याची जमीन होती. रांगा मोजा, मजले कळतात. विरळ, लहान आणि भिंतभर विखुरलेली भोकं मात्र बांधकामाच्या परांचीची असतात. ती मजल्यांच्या हिशेबात धरली की तीन मजली इमारत पाच मजली वाटू लागते. चर्चला लागून चौक असेल, चारही बाजूंनी कमानींची पडवी आणि मध्ये विहीर किंवा टाकं असेल, तर तो मठ. चौक नसेल तर बहुधा साधं चर्च.

बालेकिल्ला शहराच्या पोटात आहे आणि तो बाहेरच्या तटापेक्षा जुना. आधी हा छोटा कोट झाला, वस्ती वाढत गेली आणि मग बाहेरचा मोठा तट सगळ्याला वेढत उभा राहिला. त्याच्या दरवाजावरच्या शिल्पासाठी दहा मिनिटं काढा. पोर्तुगालचं राजचिन्ह, क्रूस आणि कड्याकड्यांचा एक गोल. हा गोल म्हणजे आकाशातल्या ताऱ्यांची वर्तुळं दाखवणारं यंत्र. दर्यावर्दी राज्याने आपली निशाणी म्हणून ते घेतलं आणि समुद्रापारच्या आपल्या इमारतींवर कोरलं. सकाळी नऊच्या आधी किंवा दुपारी चारनंतर ऊन तिरपं असताना कोरीवकाम उठून दिसतं. भर दुपारी तोच दगड सपाट वाटतो.

बालेकिल्ल्याच्या आसपास बाजाराची आणि कारभाराची जागा होती. तटाच्या आत राहत ते मुख्यतः फिदाल्गो, म्हणजे पोर्तुगीज उमराव. इथल्या माणसांची गावं बाहेर होती आणि आजची वसईही बाहेरच आहे. जवळच नागेश्वराचं देऊळ आणि चिमाजी अप्पांचं स्मारक आहे. पाणी भरायचं, सावलीत टेकायचं, तर ते इथेच.

पुढे जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचं चर्च. त्याचा दर्शनी भाग वसईत सर्वांत देखणा आहे, असं माझं मत. दोन्ही बाजूंना जोडखांब, मध्ये अर्धगोल कमान, सगळं घडीव दगडात. वसईत जन्मलेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकीला क्रूसावर मारले गेलेले गोन्सालो गार्सिया याच वसईत जेझुइटांच्या हाताखाली शिकले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. वसईच्या ख्रिस्ती समाजासाठी ही जागा आजही श्रद्धेची आहे, त्यामुळे वेदीवर चढून फोटो काढणं, आरडाओरडा करणं कटाक्षाने टाळावं.

फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघाचं सेंट अँथनी चर्च आणि मठ यासाठी किमान पाऊण तास ठेवा. इथली जमीन म्हणजे थडग्यांच्या शिळा आहेत. माणसं नकळत त्यांवरून चालत जातात. पाचोळा साचलेला असतो. तो हाताने हलकेच बाजूला करा, पण आधी काठीने ढवळून घ्या, कारण खाली विंचू असू शकतो. अक्षरं दिसेनात तर खडू, पावडर, पाणी यातलं काहीही वापरायचं नाही. विजेरी जमिनीला जवळजवळ टेकवून आडवा झोत टाका. सावलीमुळे झिजलेला लेखसुद्धा वाचता येतो. काही शिळांवर ढाल आणि शिरस्त्राण कोरलेलं दिसेल, ते घराण्याचं चिन्ह. मजकुरात यूच्या जागी व्ही आणि जेच्या जागी आय कोरायची तेव्हा रीत होती, आणि जागा वाचवायला दोन अक्षरं एकमेकांत गुंतवलेली असत. सुरुवातीला बहुधा 'इथे चिरनिद्रा घेत आहे' किंवा 'अमक्याची कबर' अशा अर्थाचे दोन-तीन शब्द, मग नाव, हुद्दा, बायको आणि वारसांचा उल्लेख आणि शेवटी साल. साल आकड्यांत असतं, ते आधी शोधा. बाकीचं त्यावरून उलगडत जातं. एकेका शिळेपाशी बसून वाचलं की या शहरातल्या माणसांची ओळख पटते. मनोरे आणि तट बघून ती होत नाही.

इथून उत्तरेकडे शहर विरळ होत जातं आणि झाडी वाढते. हे आजचंच नाही. १६९५ मध्ये आलेल्या जेमेल्ली कारेरी या इटालियन प्रवाशानेही साथीमुळे उत्तरेकडचा भाग ओस पडल्याचं नोंदवलं आहे. या टप्प्यात वाट सोडू नका. जुन्या विहिरींना कठडे नाहीत आणि पावसाळ्यानंतरच्या गवतात तोंड दिसतच नाही.

आता तट. जमिनीच्या बाजूचे रेमेदिओस आणि सेंट सेबॅस्टियन हे बुरूज सावकाश बघावेत. सह्याद्रीतले गोल बुरूज बघायची सवय असलेल्या डोळ्यांना वसईचे बुरूज वेगळे दिसतात: ते टोकदार आहेत. गोल बुरुजाच्या अगदी पुढ्यात एक तिकोनी जागा अशी उरते, की तिथे पोचलेला शत्रू शेजारच्या बुरुजावरून दिसत नाही. तिथे बसून तो भिंत खणू शकतो. बुरुजाला टोक काढलं की ती आंधळी जागाच उरत नाही. हे स्वतः पडताळून बघता येतं. बुरूज जिथे तटाला मिळतो त्या कोनात उभे राहा आणि तटाच्या कडेने नजर टाका. पुढच्या बुरुजापर्यंतची सगळी भिंत एका रेषेत डोळ्यांखाली येते. तिथे लावलेली तोफ बाहेर दूरवर मारायची नव्हतीच. भिंतीला भिडलेल्या माणसांवर आडवा मारा करायला ती होती.

मग १७३९ मध्ये काय झालं? दक्षिणेला आणि पूर्वेला खाडी, पश्चिमेला समुद्र आणि दलदल, त्यामुळे फौज घेऊन भिडता येईल अशी बाजू एकच, उत्तरेची. फेब्रुवारीत मोर्चे लागले आणि मराठी सैन्य खंदक खणत पुढे सरकलं. वरच्या आडव्या माऱ्यावर उपाय जमिनीखाली होता: बुरुजांखाली सुरुंग. काही सुरुंग वेळेवर उडाले, काही उशिरा, आणि उशिरा उडालेल्यांनी खिंडारात चढलेल्या मराठी माणसांचेच बळी घेतले. तरीही खिंडार पडलं, आत पाय रोवला गेला आणि पोर्तुगीजांनी शरणागतीची बोलणी लावली. त्यांना शस्त्रं आणि चीजवस्तू घेऊन निघून जाऊ दिलं. या बुरुजांपाशी उभं राहून खाली उत्तरेच्या सपाटीकडे बघा. आडोशाला एक टेकाड नाही. भर माऱ्यात इथपर्यंत खणत यायला किती माणसं पडली असतील, हे त्या सपाटीकडे बघूनच ध्यानात येतं.

सेंट सेबॅस्टियन बुरुजाखालच्या अंधाऱ्या वाटेत जायचं तर माणशी एक विजेरी हवी. मोबाइलचा उजेड पुरत नाही, आणि तो हातात धरला की तोल सावरायला एकच हात उरतो. वटवाघळं असतात, जमीन ओली असते, एकट्याने जाऊ नये. तटाच्या माथ्यावरून पूर्ण फेरी मारता येत नाही, मध्ये तुटलेलं आहे. वडा-पिंपळाची मुळं शिरलेला भाग वरून घट्ट दिसतो, पण मुळांनी दगड आतून सुटे केलेले असतात. नियम साधा ठेवा: ज्या दगडाच्या सांध्यात चुना दिसत नाही त्यावर वजन टाकायचं नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिरवळ आणि फुलपाखरं भरपूर, पण गवत कमरेएवढं आणि मधूनच खाजकुइली. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण विजार, घोट्यावर येणारे बूट. पावसाळ्यात शेवाळामुळे घडीव दगड सर्वांत निसरडा होतो, तेव्हा पायऱ्या आणि तट टाळून फक्त सपाटीवरची चर्च बघावीत. माणशी दोन लिटर पाणी न्या. आत जेवणाची धड सोय नाही. आत यायला तिकीट नाही. सबंध फेरीला पाच तास धरा. सकाळी आठला सुरुवात केलीत तर एकपर्यंत होते. रविवारी लग्नाआधीच्या फोटोंसाठी येणाऱ्या जोडप्यांची इतकी गर्दी असते की जेझुइट चर्चची कमान मोकळी मिळत नाही. जमलं तर आठवड्यातला दुसरा दिवस बघा. हे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. भिंतीवर नाव कोरणं तर गुन्हाच आहे, आणि कुणी कोरताना दिसलं तर तिथल्या तिथे थांबवावं.

शेवटी जमिनीच्या दरवाजाने बाहेर पडा. पारनाका तिथून वीस-पंचवीस मिनिटांची चाल आहे, स्टेशनकडे जाणाऱ्या बस आणि शेअर रिक्षा तिथे मिळतात. हंगाम असेल तर बाजारात सुकेळी मिळते का विचारा. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली ती वसईची खासियत आहे, आणि अस्सल सुकेळी करणारी घरं आता थोडीच उरली आहेत. पानात गुंडाळलेली, रंगाने गडद आणि हाताला किंचित चिकट लागणारी घ्या.